‘ले मिझेराब्ल’ फ्रेंचमध्ये: मूळ कुठलं आणि भाषांतर कुठलं?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय आहे एक म्युझिकल. म्हणजे तेच, ज्यात माणसं बोलायच्या ऐवजी गातात आणि मरताना सुद्धा सुरात मरतात. आपण संगीत नाटकवाले लोक, आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ऑफिसच्या कामासाठी मी पॅरिसला होतो. त्या वेळी तिथल्या शातले थिएटरमध्ये ‘ले मिझेराब्ल’चा नवा प्रयोग चालू होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झालेला, पूर्ण फ्रेंचमध्ये. दिग्दर्शक लादिस्लास शोला. मी तिकीट काढलं हे टीममधल्या एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, “अरे, लंडनला जाऊन ओरिजनल बघ ना! फ्रेंच डब कशाला बघतोस?”

आता त्याची गंमत करायचा माझा हेतू नाही, कारण हे वाक्य जगात बहुतेक लोक बोलतील. ‘लेमिझ’ म्हटलं की डोक्यात इंग्रजी गाणी येतात. 2012 चा सिनेमा इंग्रजी, 2009 मध्ये सुझन बॉइलनं टीव्हीवर गायलेलं गाणं इंग्रजी, लंडनमध्ये 1985 पासून चालू असलेला प्रयोग इंग्रजी. पण हे म्युझिकल जन्मलंच फ्रेंचमध्ये. डब असलंच, तर इंग्रजी आहे!

थोडा इतिहास सांगतो, भराभर. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी 1862 ची. आलँ बुब्लिल आणि क्लोद-मिशेल शॉनबर्ग या दोघांनी तिच्यावर आधी गाण्यांचा अल्बम केला आणि मग सप्टेंबर 1980 मध्ये पॅरिसच्या पाले दे स्पोर या मोठ्या सभागृहात रोबेर होसेनच्या दिग्दर्शनाखाली प्रयोग झाले. साधारण तीन महिने चालले आणि संपले. पुढे तो अल्बम ब्रिटिश निर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉशच्या कानावर पडला. इंग्रजी शब्द लिहिले हर्बर्ट क्रेट्झमर यांनी, दिग्दर्शन ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड यांचं, आणि ऑक्टोबर 1985 मध्ये लंडनच्या बार्बिकनला पडदा उघडला. समीक्षकांनी झोडपलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. तिथून वीसहून जास्त भाषांमध्ये गेलं.

पण हे साधं भाषांतर नव्हतं. 1980 चा फ्रेंच प्रयोग सुरू व्हायचा तो थेट कारखान्यातल्या प्रसंगापासून. जाँ व्हालजाँचा तुरुंगवास, त्याला आसरा देणारा बिशप, चोरलेली चांदी, यातलं काहीच नाही. का? कारण फ्रेंच प्रेक्षकाला ते पाठ असतं. आपल्याकडे रामायणावर नाटक करताना दशरथाला किती राण्या होत्या ते कोणी समजावून सांगतं का? तसंच. इंग्रजी प्रेक्षकासाठी मात्र सुरुवातीचा सगळा भाग नव्यानं बसवावा लागला. काही गाणी पूर्ण नवीन आली. काहींच्या चाली एका पात्राकडून दुसऱ्याकडे गेल्या. आज एपोनिन एकटीनं फिरताना जे गाते ना, ती चाल 1980 मध्ये फाँतिनकडे होती.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फ्रेंच रेपॉझिटरीचा कुणीतरी फोर्क केला, त्यात इतकं काम केलं की जग त्यालाच मुख्य शाखा समजायला लागलं. मग 1991 मध्ये पॅरिसच्या मोगादोर थिएटरमध्ये ती सुधारलेली आवृत्ती परत फ्रेंच करून आणली. काही महिन्यांत बंद पडली. 2010 मध्ये तर याच शातलेमध्ये ‘लेमिझ’ आलं, पण इंग्रजीत! फ्रेंच कादंबरी, फ्रेंच संगीतकार, पॅरिसचं थिएटर, आणि मंचावर इंग्रजी. त्यानंतर 2024 चा हा प्रयोग. लंडनची नक्कल न करता नव्यानं बसवलेला, आणि शब्दांवर पुन्हा हात फिरवणारे स्वतः बुब्लिल, वयाची ऐंशी ओलांडलेले.

शातले थिएटर कुठे आहे तेही सांगतो, कारण ते कळल्यावर मला पुढचं सगळं वेगळं ऐकू आलं. सीन नदीच्या काठावर, समोर पों-ओ-शाँज हा पूल. थिएटर उघडलं 1862 मध्ये, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी. जून 1832 च्या ज्या उठावावर कथेचा शेवटचा भाग आहे, त्यातली ह्यूगोची बॅरिकेड लेज़ आल बाजाराच्या बाजूला, थिएटरपासून चालत काही मिनिटांवर. आणि इन्स्पेक्टर जावेर शेवटी जिथे नदीत उडी घेतो, ती जागाही याच काठावरची. उडी घ्यायच्या आधी तो शातले चौकातल्या पोलीस चौकीत जाऊन तुरुंगाच्या कारभारातल्या त्रुटींची यादी लिहून ठेवतो. हो, आत्महत्येच्या आधी! शेवटचं काम म्हणून बग रिपोर्ट फाइल करणारा माणूस. मला जावेर तिथे जवळचा वाटला.

आता गाणी. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, बॅरिकेडवरचं समूहगीत. इंग्रजी शीर्षकात प्रश्न आहे: लोकांचं गाणं ऐकू येतंय का? फ्रेंच शीर्षक आहे ‘आ ला व्होलोंते द्यु पप्ल’, म्हणजे ‘जनतेच्या इच्छेला’. जाम उंचावून म्हणावं तसं. इंग्रजी गाणं बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारतं, म्हणून ते कुठेही नेता येतं. हाँगकाँगच्या आंदोलनांत लोकांनी ते रस्त्यावर गायलं. फ्रेंच गाणं आत उभ्या असलेल्यांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. जुलै 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ते वाजलं तेव्हा ते घरचं गाणं म्हणून वाजलं.

दुसरं, फाँतिनचं गाणं. इंग्रजीत ती स्वप्न पडल्याचं सांगते. फ्रेंच शीर्षकाचा अर्थ होतो, ‘मी वेगळ्या आयुष्याचं स्वप्न पाहिलं होतं’. इंग्रजीत भर स्वप्नावर, फ्रेंचमध्ये ‘वेगळ्या आयुष्या’वर. नोकरी गेलेली, केस विकलेली बाई ‘वेगळं आयुष्य’ म्हणते तेव्हा तिला काय हवं होतं ते अगदी ठोस कळतं. भाड्याची खोली, मुलगी जवळ, बास.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. व्हालजाँ जखमी मारियससाठी देवाकडे मागणं मागतो ते गाणं 1980 मध्ये नव्हतंच. ते लंडनच्या प्रयोगासाठी, कोल्म विल्किन्सन यांचा उंच, नाजूक आवाज डोळ्यांसमोर ठेवून झालं. म्हणजे इथे इंग्रजी खरंच मूळ आहे. फ्रेंचमध्ये त्याचं नाव झालं ‘कॉम अँ नॉम’, म्हणजे ‘एखाद्या माणसासारखा’. अर्थ पार बदलला, पण इंग्रजी नावाच्या शेवटी येणारा ‘होम’ आणि फ्रेंच ‘ऑम’ यांचा नाद जवळचा आहे. ओठ मिटून सूर थांबवायची ती जागा सापडते. तरी खरं सांगू? हे एक गाणं मला इंग्रजीतच जास्त भिडतं. त्याची प्रार्थना साधी आहे, आणि चाल त्या साधेपणासाठीच केलेली आहे. ‘मूळ भाषा नेहमीच श्रेष्ठ’ असं मी म्हणत नाहीये, हे इथे नोंदवून ठेवतो.

ऐकताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात आली. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘e’ बोलताना गळून जातो, पण गाताना पुष्कळदा परत येतो. ‘मोंद’ म्हणजे जग. बोलताना एकच अक्षर, गाताना ‘मों-द’, दोन अक्षरं. ओळखीचं वाटतंय ना? आपण बोलताना ‘मन्’ म्हणतो, आणि अभंगात तोच शब्द ‘म-न’ होतो, शेवटचा ‘अ’ पूर्ण उमलतो. इंग्रजीत शब्दाचा आघात ठोक्यावर बसवावा लागतो, म्हणून तिथली गाणी पावलं टाकत चालतात. फ्रेंचमध्ये आघात वाक्यखंडाच्या शेवटी जातो, ओळ लांबत जाते आणि शेवटी टेकते. शॉनबर्ग यांच्या जुन्या चाली अशा लांब का आहेत, ते त्या रात्री मला कानानं कळलं. शेजारचे एक गृहस्थ मात्र मंचावर फ्रेंच चालू असताना ओठांतल्या ओठांत इंग्रजी शब्द म्हणत होते. मध्यंतरात विचारलं तर अस्सल पॅरिसचे निघाले! लहानपणापासून इंग्रजी रेकॉर्ड ऐकलेली, म्हणाले. त्यांच्यासाठी त्यांच्याच भाषेतलं गाणं ‘नवीन’ होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘व्हू’ आहे, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. कादंबरीत तुरुंगातून सुटलेल्या व्हालजाँला सगळे हाकलतात आणि अरे-तुरे करतात. बिशप त्याला ‘महाशय’ म्हणतो, अहो-जाहो करतो. व्हालजाँ जेवणाच्या आधी त्यानंच हलतो. हा माणूस मला ‘तू’ म्हणत नाहीये! चांदीचे मेणबत्तीदान नंतर येतात, पहिली दया व्याकरणातून येते.

आणि पुढे बॅरिकेडवर जावेर व्हालजाँच्या ताब्यात सापडतो. व्हालजाँ त्याला मारायच्या ऐवजी सोडून देतो. आयुष्यभर त्या कैद्याला ‘तू’ म्हणत आलेला जावेर त्या क्षणी ‘तुम्ही’वर येतो, आणि ह्यूगो लिहितो की हे त्याचं त्यालाही कळलेलं नाही. पुढची आत्महत्या त्या एका सर्वनामात सुरू झालेली आहे. इंग्रजी मंचावर हे करताच येत नाही, भाषेत ते हत्यारच नाही. फ्रेंच प्रयोगात गाण्यांच्या मर्यादेत सगळं मावतं असं नाही, पण कोण कोणाला काय म्हणतंय इकडे कान लावून बसता येतं. मी तीन तास तेच करत होतो.

आणि मंडळी, हे मराठीत आयतं आहे. एखादा फौजदार एखाद्याला “ए, चल, उठ” म्हणत आलाय, आणि एक दिवस त्याच्या तोंडून “बसा” निघून जातं, यातलं काय समजावून सांगायला लागेल आपल्याला? साने गुरुजींनी ही कादंबरी ‘दुःखी’ या नावानं मराठीत कधीच आणली. मंचावरचं सांगायचं तर आपलं संगीत नाटकच परभाषेतून आलेल्या नाटकानं उभं राहिलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ 1880 चं, कालिदासाच्या संस्कृतावरून. ‘लेमिझ’च्या बरोबर शंभर वर्षं आधी. पु. लं.नी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं तेव्हा लंडनच्या उच्चारांचं भांडण मराठी बोलींवर आणलं, आणि ते कोणाला डब वाटलं नाही.

तरी आज कोणी म्हणालं की एखादं मोठं म्युझिकल मराठीत करूया, तर पहिली प्रतिक्रिया काय येते? “इंग्रजी सगळ्यांना कळतंच की.” पॅरिसमध्येही ते सगळ्यांना कळत होतंच. तरी कोणीतरी थिएटर दिलं, पैसे घातले, आणि ऐंशी ओलांडलेला कवी पुन्हा आपल्याच ओळी तपासत बसला. 1991 ची आवृत्ती चालली नव्हती हे माहीत असूनही. भाषा आपोआप परत येत नाही, तिच्यासाठी कोणालातरी तालमी कराव्या लागतात.

माझ्या त्या सहकाऱ्याला मी परतल्यावर 1980 चा अल्बम पाठवला. त्याचं उत्तर आलं, “हे ओरिजनलसारखंच वाटतंय रे.” म्हटलं, ऐक अजून थोडं.

तुम्हालाही सांगतो, फाँतिनचं गाणं आधी फ्रेंचमध्ये ऐका, मग इंग्रजीत. शब्द कळले नाहीत तरी चालेल, ओळ कुठे टेकते एवढंच बघा. आणि परभाषेतून आलेलं एखादं मराठी नाटक तुम्हाला अस्सल वाटलं असेल, तर कुठलं आणि का, ते जरूर कळवा. त्यावर एक पूर्ण भाग करता येईल. भेटूया पुढच्या वेळी. तोपर्यंत काळजी घ्या, नाटकं बघत राहा.