वारा सर्वांचा, पवनचक्की एकाची

घराच्या छपरावर पाऊस पडतो, अंगणांत ऊन पडतें आणि खिडकींतून वारा येतो. या तिन्ही गोष्टींचा कोणी दाम मागत नाहीं, म्हणून त्यांच्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तंटा होईल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या दिवशीं एखादा गृहस्थ आपल्या परसांत मनोरा उभारून त्यावर पवनचक्की चढवितो, त्या दिवशीं हा फुकटचा वारा एकाएकीं कायद्याचा विषय होऊन बसतो. मनोरा किती उंच असावा, कुंपणापासून किती दूर असावा, त्याचा आवाज किती व्हावा, आणि हें सारें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असे प्रश्न उभे राहतात. घरगुती पवनचक्क्यांविषयीं निरनिराळ्या देशांत जे स्थानिक नियम झाले, त्यांचा विचार या भाषणांत करावयाचा आहे. विषय वरवर रूक्ष दिसतो; पण त्याच्या पोटांत एक जुनाच प्रश्न दडलेला आहे. आपल्या जागेंत आपल्या इच्छेप्रमाणें वागण्याचा माणसाचा हक्क शेजाऱ्याच्या झोंपेपाशीं येऊन थांबतो कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

वाऱ्याला धनी असतो ही कल्पना नवी नव्हे. मध्ययुगांत नेदरलंड्समधील सरदार व जमीनदार आपल्या मुलखावरून वाहणाऱ्या वाऱ्यावरहि हक्क सांगत. पवनचक्कीवर धान्य दळावयाचें तर त्यांची सनद घ्यावी लागे आणि वाऱ्याबद्दल पट्टी भरावी लागे. मात्र पैसे घेतल्यावर धन्यावर जबाबदारीहि येई. पुष्कळ ठिकाणीं चक्कीच्या आसपास उंच घर बांधण्यास किंवा झाडें लावण्यास मनाई असे. कारण विकलेला वारा मधेंच अडविला गेला, तर ती गिऱ्हाइकाची फसवणूकच ठरावयाची. या प्रथेचा वारसा तेथें अजून टिकून आहे. जुन्या चक्क्यांभोंवतीं मोकळी जागा राखण्याचे नियम डच प्रांतांच्या व नगरपालिकांच्या आराखड्यांत आजहि आढळतात. चक्कीपासून पहिल्या १०० मीटरांत पात्याच्या खालच्या टोंकाहून उंच असें कांहीं नसावें, हा त्यांतील सर्वपरिचित दंडक होय.

इंग्लंडमध्यें न्यायाचा कांटा दुसरीकडे झुकला. १८६१ सालीं तेथें ‘वेब विरुद्ध बर्ड’ या नांवाचा खटला चालला. एका पवनचक्कीच्या मालकाची तक्रार अशी होती कीं, वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या चक्कीला मिळत आलेला वारा शेजारीं बांधलेल्या शाळेच्या इमारतीमुळें अडला. वहिवाटीनें वाट मिळते, पाणी मिळतें, तर वारा कां मिळूं नये, असा त्याचा युक्तिवाद. न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. वाट अडवितां येते, म्हणून ती न अडविणाऱ्याच्या मौनाला संमति समजतां येतें. पण मोकळ्या रानावरून चोहोंकडून येणारा वारा शेजाऱ्यानें रोखावा कसा? जें रोखतां येत नाहीं तें रोखलें नाहीं, एवढ्यावरून हक्क बसत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. पुढील वर्षीं अपिलांतहि तोच निकाल कायम झाला. शाळा राहिली, चक्कीला वाऱ्याची हमी मिळाली नाहीं.

इतकें होईपर्यंत पवनचक्की ही दळण्याची किंवा पाणी उपसण्याची गोष्ट होती. तिनें घरांत दिवा लावला तो १८८७ सालीं. ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनीं स्कॉटलंडमधील मेरीकर्क या खेड्यांत आपल्या सुटीतल्या घराच्या बागेंत कापडी शिडांची पवनचक्की उभारली, तिच्या विजेनें विद्युत्-घट भरले आणि घरांत उजेड केला. उरलेली वीज गांवच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठीं देऊं केली असतां, हें सैतानाचें काम आहे असें म्हणून गांवकऱ्यांनीं ती नाकारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. लगेच पुढील काळांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं चार्ल्स ब्रश यांनीं आपल्या वाड्यामागें ६० फूट उंचीच्या मनोऱ्यावर १४४ पात्यांचें प्रचंड चक्र बसविलें. त्याची शक्ति सुमारें १२ किलोवॉट होती आणि त्यानें वीस वर्षें त्या वाड्याला उजेड पुरविला. मेरीकर्कच्या लोकांना नवी वस्तु नको होती, तर क्लीव्हलंडच्या धनिकाला कोणाला विचारण्याची फारशी गरजच नव्हती. आजचे नियम या दोन टोंकांच्या मधली वाट शोधीत असतात.

शहरांत कोणत्या भागांत काय बांधावें आणि किती उंच बांधावें, हें ठरविणारे विभागवारीचे नियम अमेरिकेंत पुढें आले. न्यूयॉर्क शहरानें १९१६ सालीं असे सर्वंकष नियम केले. त्यांची सनदशीरता पुढें तपासली गेली ती युक्लिड या गांवाच्या प्रकरणांत. हें गांव क्लीव्हलंडलाच लागून आहे. १९२६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गांवाचा अधिकार मान्य केला आणि त्यानंतर असे नियम देशभर पसरले. पुष्कळ वसाहतींत घरांच्या उंचीस ३५ फुटांची मर्यादा पडली. अडीच मजल्यांच्या घरास ही मर्यादा योग्यच होती. परंतु ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें घरें होतीं, पवनचक्की नव्हती. आणि कालांतरानें तोच आंकडा पवनचक्कीलाहि लावला जाऊं लागला.

येथें निसर्गाचा एक नियम समजून घेतला पाहिजे. कारण तो कोणत्याहि नगरपालिकेस बदलतां येत नाहीं. वाऱ्याची शक्ति त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति आठपट होते. दर सेकंदास ४ मीटरांऐवजीं ५ मीटर वेग मिळाला, तर वेगांतील वाढ चौथाईची, पण शक्ति मात्र जवळजवळ दुप्पट. जमिनीलगत घरें, झाडें, भिंती यांना आपटून वारा मंद होतो. इतकेंच नव्हे, तर भोंवऱ्यांत सांपडून फाटतो, आणि असा फाटका वारा पात्यांना फिरविण्याऐवजीं हिसके देतो. म्हणून जाणते लोक असें सांगतात कीं, आसपासच्या ३०० फुटांत जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्याहून पात्यांचें खालचें टोंक निदान ३० फूट वर असावें. ज्या वस्तींत झाडेंच ३० फुटांचीं, तेथें पातीं ६० फुटांच्या वर गेलीं पाहिजेत. तेथें ३५ फुटांचा नियम लावणें म्हणजे विहीर खणण्यास परवानगी देऊन पाण्यापर्यंत जाण्यास बंदी करणें होय.

एवढ्यावरून शेजाऱ्यांची बाजू लंगडी ठरत नाहीं. न्यू जर्सी संस्थानांतील ब्रिगँटाइन या समुद्रकांठच्या गांवीं १९८१ सालीं एका कुटुंबानें विजेचा खर्च वांचविण्याच्या हेतूनें रीतसर परवाना घेऊन ६० फुटांचा मनोरा उभारला. तो शेजाऱ्याच्या हद्दीपासून अवघ्या १० फुटांवर होता. पवनचक्की फिरूं लागली तशी शेजारच्या घरांतील झोंप उडाली, माणसें चिडखोर झालीं, कोणास भोंवळ येऊं लागली. गांवची मर्यादा ५० डेसिबेलची असतां मोजलेला आवाज ५६ ते ६१ डेसिबेल भरला. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९८२ सालीं चक्की थांबविण्याचा हुकूम झाला. पर्यायी शक्तीच्या शोधाचें महत्त्व न्यायालयानें नाकारलें नाहीं; परंतु एका घराच्या बचतीसाठीं शेजारच्या घरांनीं स्वास्थ्य गमवावें, हें त्यास न्याय्य वाटलें नाहीं. या प्रकरणांत कोणीहि दुष्ट नव्हता. गृहस्थाचा हेतु चांगला होता, परवाना खरा होता, शेजाऱ्यांचा त्रासहि खरा होता. चूक होती ती दहा फुटांच्या अंतरांत, आणि तें अंतर आधींच तपासून पाहणारा नियम नसण्यांत.

इंग्लंडनें हा नियम फार तपशिलानें लिहिला. १ डिसेंबर २०११ पासून लागू झालेल्या तरतुदींप्रमाणें, कांहीं अटी पाळल्या तर घरमालकास पवनचक्कीसाठीं वेगळी परवानगी मागावी लागत नाहीं. चक्की एकच असावी. ती घरावर बसविली तर तें घर सुटें असावें. तिचा कोणताहि भाग छपराच्या सर्वोच्च भागाहून ३ मीटरांपेक्षां वर जाऊं नये आणि एकंदर उंची १५ मीटरांहून अधिक होऊं नये. जमिनीवर स्वतंत्र उभारली तर उंचीची मर्यादा ११.१ मीटरांची, आणि हद्दीपासूनचें अंतर उंचीहून एकदशांशानें अधिक, म्हणजे चक्की मुळासकट कोसळली तरी ती मालकाच्याच अंगणांत पडावी. पात्याचें खालचें टोंक जमिनीपासून ५ मीटर वर असावें. शेजाऱ्याच्या राहत्या खोलीच्या खिडकीबाहेर १ मीटरावर आवाज ४२ डेसिबेलच्या आंत असावा. पातीं चकाकणारीं नसावींत, विमानतळाच्या राखीव टापूंत चक्की नसावी, आणि तिचा उपयोग संपला कीं ती शक्य तितक्या लौकर उतरवावी.

या नियमांत शेजाऱ्याचा विचार पूर्णपणें केलेला आहे. आतां मालकाच्या पदरीं काय पडतें तें पाहूं. पात्यांनीं व्यापलेलें वर्तुळ ३.८ चौरस मीटरांहून मोठें नसावें अशीहि एक अट आहे. म्हणजे चक्राचा व्यास सुमारें २.२ मीटर. दर सेकंदास ५ मीटर वेगाचा वारा या वर्तुळांतून जातांना सुमारें २९० वॉट शक्ति घेऊन जातो. त्यांतील ५९ टक्क्यांहून अधिक कोणत्याहि यंत्रास काढून घेतां येत नाहीं, हें आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें सिद्ध केलें आहे. लहान यंत्राच्या हातीं व्यवहारांत चौथाई लागली तरी बरी; म्हणजे सुमारें ७० वॉट, आजकालच्या सात-आठ दिव्यांपुरती वीज. आणि शहरांतील छपरांवर ५ मीटरांचा सरासरी वेग तरी कोठें मिळतो? ब्रिटनमध्यें इमारतींवर बसविलेल्या २६ चक्क्यांची प्रत्यक्ष पाहणी झाली व तिचा अहवाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. शहरांतील वारा नकाशावरून काढलेल्या अंदाजापेक्षां पुष्कळच मंद असल्याचें तींत दिसून आलें. कांहीं यंत्रें तर निर्माण केलेल्या विजेहून अधिक वीज स्वतःच्याच जोडणीसाठीं खात होतीं. ज्या चक्क्या उंच इमारतींच्या माथ्यावर होत्या त्याच उत्तम चालल्या. पण रहिवाशांना आवाजाचा त्रास होऊं लागल्यामुळें त्याच बहुतेक काळ बंद ठेवाव्या लागल्या. जेथें वारा होता तेथें माणसें झोंपलेलीं होतीं, आणि जेथें कोणाची तक्रार नव्हती तेथें वारा नव्हता! साऱ्या प्रश्नाचें सार या एका पाहणींत आलें आहे.

मग करावें तरी काय? या बाबतींत अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानाचा कायदा विचार करण्यासारखा आहे. २००९ सालापासून अमलांत असलेल्या या कायद्यानें १०० किलोवॉटपर्यंतच्या लहान चक्क्यांविषयीं गांवांचा अधिकार काढून घेतला नाहीं, पण त्याला कुंपण घातलें. गांवानें आपल्या सर्व विभागांत सरसकट बंदी करूं नये. घरांसाठीं केलेली उंचीची मर्यादा मनोऱ्याला लावूं नये. मनोऱ्याच्या उंचीचा विचार स्वतंत्रपणें करावा. हद्दीपासून उंचीच्या दीडपटीहून अधिक अंतर मागूं नये. हद्दीवरील आवाजाची मर्यादा ५५ डेसिबेलच्या खालीं आणूं नये. वादळासारखा अल्पकाळचा प्रसंग त्यांतून वगळावा. उलटपक्षीं मालकानेंहि कांहीं बंधनें पाळावयाचीं आहेत. परवान्याचा अर्ज आला कीं लगतच्या जमीनमालकांना पत्रानें कळविलें जातें आणि लोकांना मत कळविण्यास ३० दिवस मिळतात. चक्की सलग १२ महिने बंद राहिली तर ती टाकून दिली असें समजलें जातें व ती उतरविण्याची वेळ येते.

इंग्लंडचे ४२ डेसिबेल आणि न्यू हॅम्पशायरचे ५५ डेसिबेल यांची तुलना करून एकाला कडक व दुसऱ्याला सैल म्हणण्याचा मोह होईल. परंतु एक मोजमाप खिडकीपाशीं आहे, दुसरें हद्दीवर. जेथें घरें भिंतीला भिंत लावून उभीं आहेत तेथें खिडकी हेंच खरें मापस्थान. जेथें दोन घरांमध्यें रान पसरलेलें आहे तेथें हद्दीवरील आवाज घरापर्यंत पोंचतां पोंचतां विरून जातो. एका गांवाचा नियम दुसऱ्या गांवानें जशाचा तसा उचलूं नये, याचें हें चांगलें उदाहरण आहे. आंकडा उचलतां येतो, पण तो ज्या जमिनीवर उभा असतो ती जमीन उचलतां येत नाहीं.

या साऱ्या इतिहासांतून कांहीं गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, चांगला नियम कारण सांगतो. अंतराचें कारण कोसळण्याची भीति, आवाजाच्या मर्यादेचें कारण झोंप, उंचीच्या सवलतीचें कारण वारा. ज्या आंकड्यामागें असें कारण दाखवितां येत नाहीं, तो जुन्या सवयीचा अवशेष समजावा. दुसरी गोष्ट अशी कीं, शेजाऱ्याला विचारावयाचें तें पाया खणण्यापूर्वीं. मनोरा उभा राहिल्यावर होणारें संभाषण बहुधा वकिलांमार्फत होतें. तिसरी गोष्ट कदाचित् सर्वांत कडू आहे. जेथें मुळांत वाराच नाहीं, तेथें कितीहि उदार नियम केला तरी तो पातीं फिरवूं शकत नाहीं. म्हणून परवान्याआधीं वर्षभर वाऱ्याचा वेग मोजून पाहणें हें मालकाच्याच हिताचें आहे.

मेरीकर्कच्या रस्त्यावरचे दिवे त्या वेळीं लागले नाहींत, याचें दोषपत्र आज गांवकऱ्यांच्या माथीं मारणें सोपें आहे. पण ज्या वस्तूचा गुण माहीत नाहीं, जिचा धोका माहीत नाहीं, आणि जिच्याविषयीं आपलें म्हणणें मांडण्याची कांहीं रीत नाहीं, तिला नकार देण्यापलीकडे सामान्य माणसाच्या हातीं असतें तरी काय? स्थानिक नियमाचें खरें काम हेंच कीं, त्या माणसाला नकाराखेरीज दुसरा शब्द उच्चारतां यावा. ‘इतक्या अंतरावर चालेल, इतक्या आवाजापर्यंत चालेल,’ असें तो म्हणूं शकला, म्हणजे एकाच्या पवनचक्कीला सर्वांचा वारा मोकळा झाला असें समजावें.