'कूल'पणावर लघुपट

'कूल असणं म्हणजे काय?' या विषयावर लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारू नका. सगळे एकच उत्तर देतील, आत्मविश्वास! त्यापेक्षा विचारा, कोणती वस्तू घेण्यासाठी पैसे साठवलेत? मग माणूस खरं बोलतो. उत्तर संपल्यावरही कॅमेरा दहा सेकंद चालू ठेवा. खरा चेहरा बहुधा तेव्हाच दिसतो.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट आठवा. त्यातल्या जब्या या मुलाला हवी असते नवी जीन्स. त्या एका कपड्यामागे वर्गात, गावात आपल्याकडे कुणीतरी आदरानं पाहावं ही केवढी ओढ आहे! जातीनं नाकारलेल्या मुलासाठी 'भारी' दिसणं ही चैन नसते. आणि मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा तर त्यांनी तुमच्यासारखंच विद्यार्थी असताना केलेला लघुपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सलूनचा आरसा, कॉलेजचा कट्टा, एसटी स्टँड इथे चित्रीकरण करा, पण आवाजासाठी कॉलरला लावायचा माइक हवाच. अठरा वर्षांखालील मुलांचं चित्रीकरण करण्यासाठी पालकांची लेखी परवानगी घ्या. आणि वर्गात ज्याला कुणीच 'कूल' म्हणत नाही, त्याच्याशी आधी बोला.