भांड्यावरचं नाव

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दूध आटत असताना भाषण ठेवायचं धाडस कार्यकारिणीने केलं आहे, तेव्हा पहिल्यांदा त्यांचे आभार. दूध उतू जायच्या आत मी थांबेन, असं वचन देतो. मी आयटीतला कन्सल्टंट, म्हणजे आता क्लाउड आणि एआयवर पाऊण तास ऐकावं लागणार, अशी भीती ज्यांना वाटली असेल त्यांनी निर्धास्त व्हावं. मी आज जुन्या बाजारावर बोलणार आहे.

आमच्या या नादाची सुरुवात तुमच्यासारखीच, गरजेतून झाली. नवीन लग्न, रिकामं अपार्टमेंट, आणि मॅसॅच्युसेट्सचा उन्हाळा. दर शनिवारी कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर यार्ड सेल असायचा. पाच डॉलरला दिवा, दहाला खुर्च्यांची जोडी. एकदा बायकोने पंचवीस डॉलरला ड्रॉवरचं एक जुनं कपाट घेतलं. ते घरी आणून ड्रॉवर बाहेर काढला, तर कोपऱ्यातले डोव्हटेलचे दात एकमेकांशी जुळत नव्हते. एक रुंद, एक अरुंद. मी म्हटलं, "फसलो!" शेजारचे सत्तरीचे आजोबा हसले. म्हणाले, हे हाताने कापलेत, मशीनने कापले असते तर सगळे सारखे दिसले असते. त्या दिवसापासून आम्ही बिघडलो.

मग आम्ही शिकत गेलो. फर्निचर सरळ बघायचंच नाही, उलटं करून बघायचं. फळीवर करवतीच्या गोलाकार खुणा असतील तर ती चक्राच्या करवतीने कापलेली, म्हणजे साधारण १८३० च्या नंतरची. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण दिसली तर तो फिलिप्स स्क्रू, १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. "सव्वाशे वर्षांचं आहे" असं विकणारा सांगत असेल आणि खाली फिलिप्स स्क्रू दिसला, तर एक तर दुरुस्ती झालीय किंवा थाप आहे. हे तर आमचं रोजचं डीबगिंगच झालं! मुलं मोठी झाली तशी तीही टेबलाखाली शिरायला लागली. आमच्या मुलीला सहाव्या वर्षी स्क्रूवरून दशक सांगता यायचं. पाढे यायचे नाहीत, तो भाग वेगळा.

आपल्या भागात राहून ब्रिमफील्डला गेला नाही असा माणूस विरळा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गॉर्डन रीड नावाच्या लिलाव करणाऱ्या माणसाने १९५९ साली तिथे हा बाजार सुरू केला. आता मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा, मंगळवार ते रविवार, रूट २० च्या दोन्ही बाजूंच्या शेतांत तंबू लागतात. आमच्या घरात दिवाळीनंतरचा मोठा सण तोच. प्रत्येक मुलाला वीस डॉलर मिळतात, आणि अट एकच: जी वस्तू घ्याल ती कुणाची, कशासाठी होती, हे विकणाऱ्याला विचारून यायचं. सांगता आलं नाही तर वस्तू परत.

ब्रिमफील्डपासून थोड्याच अंतरावर ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज आहे. शाळेच्या सहलीला तुमची मुलं तिथे जाऊन आली असतील. ते गाव अशाच एका नादातून उभं राहिलं आहे. साउथब्रिजच्या अमेरिकन ऑप्टिकल कंपनीच्या वेल्स घराण्यातले आल्बर्ट वेल्स १९२६ साली व्हरमाँटला गोल्फ खेळायला गेले. पाऊस लागला, खेळ रद्द झाला, म्हणून वेळ घालवायला जुन्या वस्तू बघायला गेले आणि गाडी भरून घेऊन आले. पुढच्या दहा वर्षांत त्यांचं घर इतकं भरलं की ठेवायचं कुठे हा प्रश्न घरातल्यांनी बसून सोडवायची वेळ आली. त्यांचा मुलगा म्हणाला की नुसतं काचेत ठेवून उपयोग नाही, या वस्तू वापरात असलेलं गावच करू या. १९४६ साली ते गाव लोकांना खुलं झालं. ही गोष्ट मी बायकोला मुद्दाम सांगितली. तिने शांतपणे विचारलं, "वेल्स बाईंचं म्हणणं काय होतं, ते लिहिलंय का कुठे?"

आता घराबद्दल. जुन्या वस्तूंचा नाद लागला की नवीन घरात मन रमत नाही. वुस्टरला १८९० च्या दशकातलं एक घर आम्ही घेतलं. आई फोनवर म्हणाली, "अरे, अमेरिकेत जाऊन जुनं घर घेतलंस? जुनंच हवं होतं तर पुण्यात होतं की!" हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुढे त्याच्याकडे येणार आहे. जुन्या घराचं प्रेम फुकट नसतं, हे तरुण मंडळींना सांगून ठेवतो. घरांसाठी शिशाचा रंग या देशात १९७८ साली बंद झाला. त्याआधीचं घर आणि त्यात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ते शिसं काढावं किंवा झाकावं लागतं. आमचं पहिल्या वर्षाचं सगळं सेव्हिंग त्या खिडक्यांत गेलं.

पण त्या घराने आम्हाला एक गोष्ट दिली. अमेरिकेच्या जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी सगळ्यांना बघायला मिळतात. १९५० चे कागद २०२२ च्या एप्रिलमध्ये खुले झाले, तेव्हा आम्ही चौघं रात्री लॅपटॉपसमोर बसून आपला रस्ता शोधत होतो. मग मागे मागे गेलो. १९२० च्या कागदावर आमच्या घरात एक स्वीडिश कुटुंब सापडलं. नवरा वायरच्या गिरणीत कामगार, बायको, चार मुलं. कोणत्या वर्षी अमेरिकेत आले, नागरिक झाले की नाही, सगळं लिहिलेलं. त्या वर्षी मातृभाषेचाही रकाना होता. नवरा: स्वीडिश. बायको: स्वीडिश. मुलं मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेली, त्यांच्यापुढे तो रकाना कोरा. नियमच तसा होता, परदेशात जन्मलेल्यांचीच मातृभाषा लिहायची.

मी बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसलो. माझी दोन्ही मुलं मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मली आहेत.

आता आईच्या वाक्याकडे येतो. सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. फार मोठा नाही. देवडी, एक चौक, सागवानी खांब, माजघर, आणि वर जायला अंधारा जिना. पणजोबांनी बांधलेला. पुढे पुण्यातल्या शेकडो वाड्यांचं झालं तेच त्याचं झालं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. आमच्याकडे शेवटपर्यंत एका बिऱ्हाडाचं भाडं महिना अठरा रुपये होतं. अठरा रुपयांत कौलं कशी बदलणार? वारसदार वाढत गेले, आमच्या पिढीत सतरा झाले. सतरा सह्या आणि एक गळकं छप्पर. शेवटी बिल्डर आला. यात मी कुणालाच दोष देत नाही. लिफ्ट नसलेल्या घरात म्हातारपण काढणं काय असतं ते मी पाहिलंय.

वाडा पाडायच्या आधी बाबांचा फोन आला. माळ्यावर भांडी आहेत. तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पितळी डबे, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा. काय करू? मी त्या वेळी एका क्लायंटच्या कॉलमध्ये अडकलो होतो. म्हटलं, "बाबा, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? देऊन टाका मोडीत." बाबा दोन सेकंद थांबले आणि "बरं" म्हणाले. तांब्याचे किलोवर पैसे आले. ते त्यांनी काटेकोरपणे सगळ्या वाटेकऱ्यांत वाटले. त्याच शनिवारी मी एका इस्टेट सेलमध्ये अनोळखी माणसांच्या आजीचं बीडाचं वॅफलपात्र तीस डॉलरला घेतलं. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते पुढच्या मे महिन्यात, ब्रिमफील्डला. एका तंबूत तांब्याचं घंगाळ दिसलं. आपलंच, दोन बाजूंना कड्या असलेलं. पाटी होती: भारतीय कुंडी, एकशे चाळीस डॉलर. काठावर ठिपक्या-ठिपक्यांची ओळ होती. डीलर म्हणाला, हाताने केलेली नक्षी आहे, फार सुंदर आहे ना? आमची मुलगी, जी रविवारी मराठी शाळेला जाताना रोज पोटदुखीची तक्रार करते, ती वाकून बोट फिरवायला लागली. "सौ…" मग पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. एका बाईचं नाव. मग आडनाव. मग 'सप्रेम भेट'. मग सन १९३८.

मंडळी, ते नाव मी इथे सांगत नाही. कुणाच्या तरी पणजीचं असेल. डीलर आमच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो नक्षी विकत होता, ते वाचता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. मुलीने आमच्या घरच्या अटीप्रमाणे त्याला विचारलं, "ही कुणाची होती?" तो म्हणाला, कंटेनरमधून आली, एवढंच ठाऊक आहे. ती माझ्याकडे वळली. "बाबा, आपल्या आजीच्या भांड्यांवर पण नाव होतं?"

होतं. प्रत्येक भांड्यावर होतं. आपल्याकडे लग्नात, डोहाळजेवणात, मुंजीत भांडं द्यायचं आणि दुकानातच त्यावर छिन्नीने नाव घालून घ्यायचं, ही रीतच होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, केव्हा दिलं. शिकू न दिलेल्या कितीतरी बायकांचं नाव त्या काळी फक्त तेवढ्याच एका ठिकाणी लिहिलं गेलं असेल. आणि मोडीच्या काट्यावर नावाचं वजन शून्य.

घंगाळ आम्ही घेतलं. त्यात झाड लावलेलं नाही.

त्या डिसेंबरात पुण्याला गेलो, तेव्हा मुलांना बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. लहानपणी मी तिथे शाळेबरोबर कंटाळत फिरलो होतो. या वेळी अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी, सगळं उभं राहून बघितलं. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, साधारण १९२० पासून गावोगाव हिंडून हे जमवलं. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. १९६२ साली संग्रहालय झालं त्याला त्यांनी मुलाचं नाव दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू, आणि दारावर एका लहान मुलाचं नाव. मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळ्या भांड्यांवर मिळून एकच नाव घातलं."

घरी आल्यावर बाबा आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तांब्या घेऊन आले. म्हणाले, "तू म्हणालास सगळं दे. पण हा मी दिला नाही." काठावर आजीचं नाव, खाली तिच्या मामांचं नाव, आणि १४-५-५२. आजीच्या लग्नाची तारीख. ते मामा कोण, काय करायचे, आईबापाविना भाचीला त्यांनी कसं वाढवलं, हे बाबांनी त्या संध्याकाळी सांगितलं. मी अडतीस वर्षांचा आहे. मला आजीला आईवडील नव्हते हेसुद्धा माहीत नव्हतं.

तेव्हा मंडळी, माझं सांगणं थोडकं आहे. जुन्या वस्तू जमवा असं मी म्हणत नाही. जागा सगळ्यांनाच कमी आहे, आणि बायकोसमोर तसं म्हणायची माझी हिंमतही नाही. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू असेल तर ती बॅगेत घालून आणूही नका. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्याला बंदी आहे. पण पुढच्या भारतवारीत एक दुपार काढा. खरेदी थोडी कमी करा. माळ्यावरची भांडी खाली उतरवा, उलटी करा, काठावरून बोट फिरवा. ज्याचं नाव सापडेल त्याच्याबद्दल आई-बाबांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फोटो काढा, मुलांकडून ते नाव वाचून घ्या. मग भांडं मोडीत गेलं तरी चालेल.

आणि आई-बाबा "काय करू?" असं विचारतील, तेव्हा तुम्ही क्लायंटच्या कॉलवर असाल तर म्हणा, "बाबा, मी तासाभराने फोन करतो."

तो तांब्या आज मी बरोबर आणला आहे. मागच्या टेबलावर मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवलाय. बघायला हरकत नाही, फक्त त्यात कुणी उरलेलं दूध भरून नेऊ नका.

दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.