बागेचा पैसा कुठून यावा?

नगररचनाकार, उद्यान अधीक्षक आणि लेखा विभागातल्या सहकाऱ्यांनो,

सुरुवात हिशेबानेच करतो. 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा हवी. 2001 ते 2011 या काळात गुरुग्राम जिल्ह्याची लोकसंख्या 8.7 लाखांवरून 15 लाखांच्या पुढे गेली. कमीत कमी धरले तरी नुसत्या वाढीव लोकांसाठी 600 हेक्टरांहून जास्त जागा लागते. तिथले अरवली जैवविविधता उद्यान 380 एकरांचे, म्हणजे साधारण 154 हेक्टर. तशी चार उद्याने हवी होती.

ते उद्यान उभे राहिले ते खाणींनी पोखरलेल्या जमिनीवर. 2010 पासून ‘आय ॲम गुडगाव’ ही नागरिकांची संस्था महापालिकेबरोबर तिथे झटली. माजलेली वेडी बाभूळ हटवून धौ, सालई, पळस अशी अरवलीची मूळची झाडे लावली. रोपवाटिकांमध्ये शोभेची रोपे हवी तेवढी मिळतात, ही मिळत नाहीत. म्हणून बिया गोळा करून रोपे स्वतःच वाढवली. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, पैसा दिला, रहिवाशांनी श्रमदान केले. फेब्रुवारी 2022 मध्ये या जागेला देशातले पहिले ‘ओईसीएम’ क्षेत्र, म्हणजे अभयारण्यांबाहेर राखलेले जैवविविधता क्षेत्र, हा दर्जा मिळाला. या कामाचे मला मनापासून कौतुक आहे. पण सीएसआरचा पैसा कुठल्या कामाला द्यायचा हे कंपनीच्या मर्जीवर असते आणि झाडाला पाणी दरवर्षी लागते.

दिल्लीत दुसरी वाट आहे. आगाखान ट्रस्ट आणि सरकारी यंत्रणांच्या 2007 च्या करारातून सुंदर नर्सरी या उद्यानाचे 90 एकर सावरले गेले, 2018 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे तिकीट आहे. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारी ते चालते. गल्लीतल्या बागेला तिकीट लावायचे कसे? आणि लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी ओढाताण याच छोट्या बागांची होते. मे महिन्यात चार दिवस पंप बंद पडला की हिरवळ जळते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत पावसाळा लागतो. मग नवी हिरवळ, नवा ठेका. भांडवली कामाला पैसा निघतो. माळ्याच्या पगाराला निघत नाही.

गुरुग्राममध्ये टॉवरमधला रहिवासी दरमहा मेंटेनन्स भरून फाटकाच्या आतली बाग राखतो. त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईची मुले चक्करपूरसारख्या दाटीच्या गावठाणात राहतात. फाटकाआडची हिरवळ शहराच्या मोकळ्या जागेत मोजणे आपण थांबवले पाहिजे.

हरियाणात विकासकाकडून बाह्य विकास शुल्क घेतले जाते. मोठे रस्ते, पाणी, मलनिस्सारण अशा कामांसाठी. माणसे ज्या इमारतींमुळे वाढतात, त्यांच्याच शुल्कातला ठरावीक हिस्सा बागांच्या कायम ठेवीत जावा, असे मी सुचवतो. मुद्दल गोठवलेले, व्याज फक्त माळी, पाणी आणि दुरुस्तीला. हिशेब दरवर्षी बागेच्या फाटकावर लावावा. दुपारच्या सत्रात हा मसुदा मी मांडणार आहे. लेखा विभागातल्या मंडळींनी तो कठोरपणे तपासावा, हिश्श्याचा आकडा त्यांनीच सुचवावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी ही रक्कम जमा झालीच पाहिजे, ही अट मात्र ढिली करू नये.