रानातलं सशाचं पिल्लू उचलण्याआधी

मार्कंड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. महाशिवरात्रीची जत्रा उठली, दुकानं पांगली, वैनगंगेचा काठ पुन्हा मोकळा झाला. आता मोह गळायला लागेल आणि त्यामागून तेंदूपत्ता. म्हणजे आपण सगळ्या पहाटेपासून रानात. दरवर्षी याच दिवसांत कुणाच्या तरी टोपलीतून सशाचं पिल्लू घरी येतं. मागच्या बैठकीत हिशेब संपल्यावर तिघीचौघींनी विचारलं, "पिल्लू सापडलं तर दूध कोणतं पाजायचं?" दुधाचं सांगू, पण त्याआधी पिल्लू खरंच अनाथ आहे का, ते पाहायला हवं.

ससा म्हटलं की लेकरांना जत्रेत पिंजऱ्यात विकायला येणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आठवतो. त्याचं कूळ परदेशी, बिळात राहणारं. त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. आपल्या रानातला ससा वेगळा. तपकिरी अंग, मानेवर काळा डाग, लांब कान. हा बीळ करत नाही, गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून बसतो. त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. म्हणून पांढऱ्या सशाच्या पालनाची माहिती घेऊन याला वाढवायला गेलं तर फसगत होते.

या पिल्लाची आई दिवसभर त्याच्याजवळ थांबत नाही. थांबली तर तिच्या वासावर कोल्हा, रानमांजर येईल. ती लांब बसते, अंधार पडल्यावर येते, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. दूध इतकं दाट की तेवढं पुरतं. पिल्लू दिवसभर दगडासारखं पडून राहतं. आपण अगदी जवळ गेलो तरी हलत नाही. आपल्याला वाटतं, बिचारं एकटं पडलं, आई मेली असेल. तसं नसतं, त्याला वाचवायची आईची रीतच ती आहे.

मग अनाथ कोणतं? ज्याची आई कुत्र्यांनी मारलेली आपण पाहिली ते. जखमी, माश्या-मुंग्या लागलेलं, गारठून लुळं पडलेलं ते. नाहीतर जिथं होतं ती जागाच जळून गेली ते. बाकीचं जिथं आहे तिथंच राहू द्यायचं.

भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९७३ साली तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे सांगतात, शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांजवळ मेलेली माकडीण होती आणि तिचं पिल्लू अजून तिला लुचत होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. त्या पिल्लाची आई मेलेली डोळ्यांसमोर होती. आपल्या टोपलीत येणाऱ्या बहुतेक पिल्लांची आई मात्र संध्याकाळी रिकाम्या खळग्याशी येते.

लेकरांनी उचलून आणलंच तर त्याच दिवशी परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकते असं म्हणतात, पण त्या भीतीनं पिल्लू घरात ठेवून घेऊ नका. परत न्यायला संध्याकाळची वाट पाहायची नाही. आपल्याकडं वाघाचं भय आहे, दिवस कलल्यावर रानात जायचंच नाही. मागच्या हंगामात पोरांनी दोन पिल्लं आणली, तेव्हा आम्ही पाच जणी उन्हातच, मोठ्यानं बोलत गेलो. जिथून उचलली ती जागा पोराला सोबत नेऊन दाखवून घेतली, झुडपाच्या सावलीत पिल्लं ठेवली आणि लगेच फिरलो. आई आली का हे पाहायला कुणी थांबलं नाही. थांबलो असतो तर ती आलीच नसती. दुसऱ्या दिवशी तिकडून जाताना पाहिलं, पिल्लं डोळे उघडे ठेवून मुकाट पडलेली होती. भुकेलेलं पिल्लू असं स्वस्थ राहत नाही, तेव्हा आम्ही समजलो.

आणखी एक पिल्लू आलं ते खरंच अनाथ होतं. धुऱ्यावर कुत्र्यांनी आई फाडलेली आमच्या एका ताईनं पाहिली. वनरक्षकांना फोन केला. ते म्हणाले, सकाळी येतो, तोवर सांभाळा. त्या रात्री फोनवर विचारून जे केलं ते सांगतो.

पहिलं काम ऊब. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालायचं नाही, ते पचत नाही. खोक्याला भोकं पाडली, आत जुन्या सुती लुगड्याची घडी, एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. खोकं अंधाऱ्या खोलीत, कुत्र्या-मांजरापासून दूर. लेकरांना सक्त ताकीद, बघायला यायचं नाही. सशाचं काळीज म्हणतात ना, ते खरंच तसं आहे. फार हाताळलं, आरडाओरडा झाला, तर ससा भीतीनंच मरतो.

अंग ऊबदार झाल्यावर शेळीचं कोमट दूध, पाणी न घालता. सशाच्या दुधात गायीच्या दुधाच्या तिपटीहून जास्त स्निग्धांश असतो, त्यात आपण आणखी पाणी घातलं तर पिल्लाला मिळणार काय? पिल्लू पालथंच ठेवायचं, डोकं जरासं वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. ड्रॉपरनं ओठाशी एक थेंब, चाटला की दुसरा. नाकाशी बुडबुडा दिसला की थांबायचं. घाई करणारीनं हे काम घेऊ नये, आमच्यातली सगळ्यांत सावकाश बोलणारी ताई बसली होती. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसायचं, आई चाटते तसं, म्हणजे लघवी होते. आणि आपले हात साबणानं धुवायचे.

सकाळी वनरक्षक येऊन पिल्लू घेऊन गेले. पुढं ते दूर्वा कुरतडायला लागल्याचं कळलं.

एवढं जमलं तर मग घरीच वाढवू, असं कुणी म्हणेल. नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातला ससा मारणं गुन्हा आहे, तसंच पाळणंही. शिवाय अंगणात माणसाळलेला ससा कुत्र्याला पाहून पळत नाही, त्याला नंतर रानात सोडून उपयोग काय? वनखात्याचं उपचार केंद्र चंद्रपूरला आहे. वनरक्षकांचा फोन लागला नाही तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६, पैसे पडत नाहीत. ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आणि मोहाखालचा पाला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपल्याकडं तो पेटवतात. पिल्लू धोका दिसला की पळत नाही, पडून राहतं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गटानं ठरवलंय, यंदा आगपेटी नेणार नाही. पाला खराट्यानं बाजूला ओढायचा आणि झाडाखाली जुन्या साड्या जोडून अंथरायच्या. फुलांना माती लागत नाही, वेचायला वाकणंही कमी. ज्यांच्याकडं जुन्या साड्या असतील त्यांनी मंगळवारच्या बैठकीला घेऊन या.