शिवी कोठे संपते, छळ कोठे सुरू होतो?
(रायपूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



रायपूरच्या बांधकामांवर घमेली वाहणाऱ्या स्त्रीला येथे 'रेजा' म्हणतात. ठेकेदाराच्या मुकादमाच्या तोंडी असलेल्या भाषेविषयी तिने तक्रार केली, तर "येथे सर्वांनाच शिव्या खाव्या लागतात" असे उत्तर मिळते. या उत्तरात अर्धसत्य आहे; म्हणूनच ते तपासणे अगत्याचे आहे.

मुकादमाने स्त्री-पुरुष दोघांनाही कामचुकार म्हटले, तर तो श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा अपमान होय. त्याविरुद्ध लढा दिलाच पाहिजे; परंतु तो लैंगिक छळ नव्हे. तोच मुकादम तिच्या शरीरावरून अश्लील बोलू लागला आणि ते बोलणे तिला नकोसे असले, की सीमा ओलांडली जाते. त्याकरिता अंगाला हात लागण्याची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने लैंगिक अर्थाची शेरेबाजी स्पर्शाबरोबरच छळाच्या व्याख्येत घातली आहे. "गंमत केली" हा बचाव पोकळ आहे. ती गप्प राहिली ही संमतीही नव्हे. उद्या हजेरीपटावरून नाव जाईल, हे भय त्या मौनामागे असते.

हा कायदा आपोआप आलेला नाही. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री-संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कागदावरच राहिल्याची कैफियत पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयापुढे नेली व २०१२ मध्ये त्यावर निकाल मिळविला.

आज दहा वा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, अथवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असून सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढविता येते. जिला लिहिता येत नाही, तिला लेखी तक्रारीसाठी साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

परंतु त्या समितीपर्यंत तिला कोण पोहोचविणार? बहुधा ती प्रथम युनियनच्या कचेरीत येईल. तेथे "नेमके काय म्हणाला?" असे चारचौघांत हसत विचारणारा कार्यकर्ता मुकादमाचेच काम पुढे चालवीत असतो. तिचे शब्द, तारीख आणि साक्षीदार गांभीर्याने टिपून घेणे, तिची मजुरी बुडू न देणे, येथूनच लढ्याचा आरंभ होतो.