एमपीएच झालं, आता पुढं काय?

माझी मावसबहीण कळमनुरीची. यंदा तिचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, संपतंय. घरात एकच प्रश्न: पुढं काय? मी पडलो कोडिंगवाला. म्हणालो, "पुण्यात ये, हेल्थ डेटाच्या कामाला पगार चांगलाय."

ती म्हणाली, "दादा, आपल्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लसीचं रजिस्टर गावात राहतं अन् लेकरू फडावर. पुढचा डोस कुणी द्यायचा? मला त्यावर काम करायचंय."

मी गप्प. मग तिनं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं सांगितलं. दोघांनी १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केलं अन् १९८६ ला थेट गडचिरोली गाठली. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं. ३९ गावांच्या या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरोघरी बाळं बघतात.

"पण नोकरी कंत्राटी मिळंल," मी म्हणालो. ते तिला माहितीये. तिनं दोन वर्षं ठरवलीत. मावशीला अजून पटलेलं नाही. कुठलं लेकरू कुठल्या फडावर गेलं, याची साधी एक्सेल शीट मी तिला करून देणारे.

तुमच्या ओळखीत कुणी एमपीएच करत असेल, तर पगार विचाराच. पण कुठला प्रश्न हाती घेतलाय, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!